तुम्ही माझ्या कानाकडे बघायचात

काल दुपारी, सेटच्या भाषेत सांगायचं तर, चारचा कॉल होता, तेत्सुओसान, आणि नेहमीप्रमाणे तुम्ही माझ्या आधी पोहोचला होतात. क्रिमेटोरियममध्ये प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस मिनिटं येतात. आधीच्यांची फुलं उचलणं चालू होतं, नंतरचे लोक गाड्यांमध्ये काचा वर करून बसले होते, आणि काळ्या कोटातला एक माणूस दारात कागद घेऊन नावं तपासत होता. सगळं आयुष्य टीव्हीत काढलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटलं असतं. माझ्याकडे झुकून तुम्ही हळूच म्हणाला असतात, शेखर, वेळेवर चालणारा सेट शेवटी सापडला बघ.

मिका दारात उभी होती. तुमची मुलगी रडत नव्हती. तिने ते बहुतेक पुढच्या आठवड्यात ठेवलं होतं. माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "शेखर, प्लीज, तू एखादा किस्सा सांग. डॅडना लोक हसलेले आवडायचे. तुझ्यासारखं कोणालाच सांगता येत नाही."

माझ्यासारखं कोणालाच सांगता येत नाही. सगळा घोटाळा तिथेच झाला, तेत्सुओसान.

तुम्हाला जाऊन सतरा दिवस झाले. या सतरा दिवसांत मी तुम्हाला निदान शंभर वेळा खरं सांगितलंय. अंघोळ करताना, दुकानाचं शटर उघडताना, लंडनच्या गर्दीत, ईलिंग ब्रॉडवेच्या सिग्नलला उभं राहून. दर वेळी छान सांगितलं. योग्य जागी थांबलो, योग्य जागी आवाज खाली आणला. ऐकणारा मात्र कोणी नव्हता. तुम्ही जिवंत होतात तेव्हा दोन वर्षं दर रविवारी माझ्यापासून तीन फुटांवर बसलेले असायचात, आणि तेव्हा माझी जीभ टाळ्याला चिकटायची. माझी. कल्पना करा.

पहिल्यांदा आलात ती नोव्हेंबरमधली संध्याकाळ होती. साडेपाच वाजले होते, बाहेर काळोख झाला होता, आणि मी चष्म्यांचे ट्रे आत ठेवत होतो. तुम्ही दार उघडलंत, कमरेत वाकलात आणि म्हणालात, "गुड मॉर्निंग."

मी ऑप्टिशियन. साठीच्या पुढचा माणूस संध्याकाळी साडेपाचला गुड मॉर्निंग म्हणाला की आमच्या डोक्यात एक यादी सुरू होते. मी तुम्हाला हळूच खुर्चीत बसवलं, आज वार कोणता विचारलं, महिना विचारला, पंतप्रधान कोण ते विचारलं. तुम्ही तिन्ही उत्तरं बरोबर दिलीत आणि मग शांतपणे म्हणालात, "तिसऱ्या उत्तराची खात्री नाही. सकाळी तरी तेच होते."

मग तुम्ही समजावून सांगितलंत. जपानमध्ये टीव्हीच्या स्टुडिओत माणूस कितीही वाजता कामावर येवो, दुपारी येवो, रात्री नऊला येवो, आल्याबरोबर सगळ्यांना म्हणतो, ओहायो गोझाइमास. शुभ सकाळ. दिव्यांखाली वेळ कळत नाही. जो कामावर आला त्याची सकाळ झाली. पन्नास वर्षांची सवय, तुम्ही म्हणालात, आता कुठेही कामाचं दार उघडलं की तोंडातून तेच निघतं. मला ते इतकं आवडलं की दुसऱ्या दिवसापासून मीही नीलिमाला संध्याकाळी घरात शिरताना गुड मॉर्निंग म्हणायला लागलो. नीलिमा हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर लोकांचे गुडघे वाकवून दमून आलेली असते. ती म्हणाली, "सकाळ झाली असेल तर चहा ठेव."

मग तुम्ही आमच्या घरचेच झालात. तुमची बायको जाऊन तीन वर्षं झाली होती, मिका लेस्टरला नोकरीला होती, आणि आमची मुलं आपापल्या वाटेने गेली होती. तुम्ही असलेला एखादा एपिसोड लागणार असला की आमच्याकडे जेवायला यायचात. ब्रिटिश टीव्हीने तुम्हाला तीस वर्षं काम दिलं, पण एकदाही आडनाव दिलं नाही. तुम्ही 'जपानी बिझनेसमन' होतात, 'शेफ' होतात, 'छावणीचा अधिकारी' होतात, दोनदा चिनी होतात, एकदा व्हिएतनामी होतात. आणि गुन्ह्याच्या मालिकांमध्ये तर तुम्ही हमखास मरायचात, तेही सुरुवातीची नावं पडद्यावर यायच्या आधी. नीलिमा भाताचा कुकर लावून समोर बसायची आणि म्हणायची, "तिसऱ्या शिट्टीच्या आत जाणार बघा." तुम्ही जायचात. मग गॅस बंद करून ती तुम्हाला पान वाढायची. वरणभातावर तूप घालून घेताना तुम्ही एकदा म्हणालात, "इतक्या देशांमध्ये मेलो, पण मेल्यावर जेवायला फक्त तुमच्याकडे मिळतं."

हे वाक्य मी किती ठिकाणी वापरलं असेल, सान. (नुसतं 'सान' म्हणजे नावाशिवाय नुसतं 'राव', हे तुम्ही सांगूनही माझी सवय गेली नाही.) कार्डिफच्या एका लग्नात तर लोकांनी ते परत सांगायला लावलं.

पण जपानमध्ये तुम्ही कोण होतात ते मला फार उशिरा कळलं, आणि तेही तुमच्याकडून कळलं नाही. ॲक्टनच्या जपानी दुकानात आपण तांदूळ घ्यायला गेलो होतो. रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईने मागे वळून पाहिलं, तिच्या हातातली टोपली खाली गेली, आणि ती बाजूला होऊन तुम्हाला वाकून पुढे जायला सांगायला लागली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. बाहेर आल्यावर मी खोदून खोदून विचारलं तेव्हा तुम्ही सांगितलंत. अकरा वर्षं तुम्ही जुन्या काळातल्या एका मालिकेत कंदील धरणारे शिपाई होतात. दर आठवड्याला न्यायाधीश गुन्हेगार शोधायचा आणि तुम्ही त्याच्या मागे कंदील धरायचात. त्या बाईचा नवरा त्या वेळी अंथरुणाला खिळलेला होता, आणि तुम्ही पडद्यावर आलात की हसायचा.

"अकरा वर्षं नुसता कंदील?" मी विचारलं.

"कंदील नीट धरला नाही तर न्यायाधीशाचं तोंड दिसत नाही," तुम्ही म्हणालात.

तुमच्या डोळ्यांत काय होतंय ते मला तुमच्याआधी दिसलं. डोळ्यामागच्या पडद्याचा फोटो संगणकावर उघडला आणि मी बराच वेळ नुसता माऊस हलवत राहिलो. किस्से सांगणाऱ्या माणसाला वाईट बातमी सांगता येत नाही. तो प्रस्तावना करत राहतो. शेवटी तुम्हीच म्हणालात, "शेखर, मी तीन मालिकांमध्ये डॉक्टर होतो. हा चेहरा मला येतो. बोल."

मी सांगितलं. दोन्ही डोळ्यांतला मधला भाग जाणार. हळूहळू, पण जाणार. समोरच्या माणसाचं तोंड पुसल्यासारखं होईल.

"आणि कडा?"

"कडा राहतील."

तुम्ही विचार केलात आणि म्हणालात, "मग चालेल. मध्ये नेहमी हिरो असतो. मी कडेलाच उभा राहत आलोय."

गाडी चालवणं तुम्ही त्याच दिवशी सोडलंत, किल्ली माझ्या टेबलावर ठेवून. आणि एक गोष्ट मागितलीत. हे बाहेर कुठे बोलायचं नाही. एजंट म्हणून मार्गारेटला सांगावं लागेल, ती अठरा वर्षं तुमची कामं बघत होती. मिकाला वेळ आली की तुम्हीच सांगणार होतात. म्हणजे माहीत असणारी माणसं दोन. मी म्हणालो, "सान, हा माझा धंदा आहे. इथलं इथेच राहतं." छातीवर हात ठेवून म्हणालो. मला छातीवर हात ठेवायला फार आवडतं.

नंतरचं वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मजेचं वर्ष होतं, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. रविवारी सकाळी दुकान बंद असायचं. तुम्ही तपासणीच्या खुर्चीत बसायचात आणि मी तुमच्या भूमिकेचे कागद वाचून दाखवायचो. तुम्ही कानाने पाठ करायचात. बाकीची सगळी पात्रं माझी: पोलीस इन्स्पेक्टर, तिची सासू, एकदा तर गाभण मेंढीसुद्धा. मी सासूचा आवाज काढला की तुम्ही डोळे मिटून हसायचात आणि मग म्हणायचात, "आता आवाज न काढता वाच."

त्यावर आपलं भांडण व्हायचं. मी म्हणायचो, आवाज नसेल तर मजा काय? तुम्ही म्हणायचात, "तू सांगतोस तेव्हा लोक तुझ्याकडे बघतात. तुला ते हवं असतं. मी करतो तेव्हा लोक मला विसरले तर बरं." मी म्हणायचो, तीस वर्षं तेच तर करतायत. तुम्ही म्हणायचात, "हो, पण त्यात माझी कला किती आणि त्यांचा विसरभोळेपणा किती, ते मला अजून कळलेलं नाही." त्या भांडणात कोण जिंकलं ते ठरायचं राहिलं.

आणि तुमची ती नजर. समोरच्याचं तोंड दिसावं म्हणून तुम्ही त्याच्या थोडं बाजूला बघायला शिकलात, कारण नजरेच्या कडेने दिसत होतं. माझ्याशी बोलताना तुम्ही माझ्या उजव्या कानाकडे बघायचात. तेव्हाच मी तुम्हाला दिसायचो. कॅमेऱ्यात मात्र ते भलतंच दिसायला लागलं. एका डायरेक्टरने तुम्हाला बाजूला घेऊन सांगितलं की इतकी आत वळलेली, इतकी दुःखाने भरलेली नजर तिने आजवर पाहिली नाही. तुम्ही मला हे सांगितलंत तेव्हा आपण दोघं खुर्चीत आणि स्टुलावर हसून हसून लोळलो. "मी तिचं नाक शोधत होतो," तुम्ही म्हणालात.

त्या नजरेमुळेच ते काम आलं. आठ भागांची मालिका, शूटिंग कार्डिफला, बंदराच्या काठी. घड्याळं दुरुस्त करणारा एक म्हातारा आणि त्याची नात. म्हातारा आठही भागांत होता. तो मरत नव्हता. आणि त्याला आडनाव होतं, ओकादा. तुम्ही त्या दिवशी आमच्याकडे मोचीचा, त्या तुमच्या तांदळाच्या मिठाईचा, खोका घेऊन आलात, आणि नीलिमा ती खाऊन म्हणाली, "हे म्हणजे आमच्या उकडीच्या मोदकाचे गरीब चुलतभाऊ." तुम्ही भिंतीकडे बघत, म्हणजे तिच्याकडे बघत, म्हणालात, "मिस्टर ओकादांना मान्य आहे."

आता मी ते लिहितो. आवाज न काढता.

दिवाळीच्या शनिवारी मंडळाचा फराळ होता, शाळेच्या हॉलमध्ये, भर दुपारी. चकल्या, चिवडा, दोनशे माणसं, आणि दर वर्षीप्रमाणे माइक माझ्या हातात. लहान मुलांचा नाच संपला होता, पुढच्या गाण्याची तबलेवाल्याची तयारी झाली नव्हती, मला पाच मिनिटं भरायची होती. समोर लोक होते. मी म्हणालो, "आमच्या ईलिंगमध्ये एक जपानी नट आहे. नाव सांगणार नाही." आणि मग सगळं सांगितलं. मध्येच पुसलेलं तोंड, कान, डायरेक्टर, दुःखाने भरलेली नजर, आणि शेवटी ते नाक. मी तुमचं वाकणंही केलं. हॉल पडायचा बाकी राहिला. डॉक्टर लोक टेबलं बडवत होते.

नाव घेतलं नव्हतं आणि मराठीत सांगितलं होतं. आम्हा इथल्या लोकांना हीच खोड लागली आहे, सान. बसमध्ये, दुकानात, हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये आम्ही शेजारी उभ्या असलेल्या माणसाबद्दल मराठीत बोलतो आणि समजतो की गोष्ट कुलपात ठेवली. तीस वर्षांत ते कुलूप कधी उघडलं नव्हतं. पण त्या हॉलमध्ये आमची इथेच वाढलेली मुलंही होती. ती आमच्याशी इंग्रजीत बोलतात आणि आम्ही धरून चालतो की त्यांना कळत नाही.

करंदीकरांची ईशा चकली खात माझ्याजवळ आली. "काका, किती फनी होता तुमचा गोष्ट. तो ॲक्टर रिअल आहे?"

मी एक डोळा मारला. तेवढंच.

घरी जाताना गाडीत नीलिमाने विचारलं, "ते तेत्सुओसानचं होतं ना?"

"मी नाव घेतलं का?"

"ईलिंगमध्ये जपानी नट आहेत तरी किती, शेखर?"

मी रेडिओ लावला.

ईशा टीव्हीच्या एका कंपनीत काम करते हे मला माहीत होतं. तिने मला पुढच्या महिन्यात रडत फोन केला. "काका, मी त्यांचा नाव नाही घेतला. ऑफिसमध्ये लंचला फक्त तुमचा जोक सांगितला." बिचारीने तेच केलं होतं जे मी केलं. तिला शब्दाने बोलायला माझ्याकडे तोंड नव्हतं. लंचला बसलेल्या कोणीतरी दोन आणि दोन चार केले, शूटिंगच्या विम्याच्या लोकांनी डोळ्यांचा रिपोर्ट मागितला, बंदराचा काठ आणि पाणी आणि पायात येणाऱ्या केबल, एवढा धोका नको म्हणाले, आणि मिस्टर ओकादा दुसऱ्या कोणाकडे गेले.

तुम्ही त्या बुधवारी दुकानात आलात. चार वाजले होते. गुड मॉर्निंग म्हणाला नाहीत. चष्म्याची काडी सैल झाली आहे म्हणालात, आणि चष्मा माझ्या हातात दिलात. मी स्क्रू घट्ट करत बसलो.

"दोनच माणसांना माहीत होतं," तुम्ही म्हणालात. "एकाने शपथ घेतलेली आहे. त्याचा हा धंदा आहे. म्हणजे मार्गारेट."

स्क्रू कधीच घट्ट झाला होता. मी फिरवत राहिलो. तुम्हाला वाटत असेल की त्या वेळी माझ्या मनात तुमचा विचार आला असेल, किंवा निदान मार्गारेटचा. खोटं कशाला बोलू? माझ्या मनात माझं रजिस्ट्रेशन आलं. पेशंटची गोष्ट माइकवर सांगणाऱ्या ऑप्टिशियनचं काय करतात ते आलं. मग तुम्ही तो चष्मा घातलात, माझ्या कानाकडे बघितलंत आणि म्हणालात, "अठरा वर्षं, शेखर." आणि मी म्हणालो, "माणसं बदलतात, सान."

हे मी म्हणालो. हेच शब्द.

तुम्ही मार्गारेटला दोन ओळींचं पत्र पाठवलंत. तिने फोन केले, ते घेतले नाहीत. ख्रिसमसला तिचं कार्ड आलं, ते पाकीट न फोडता परत केलंत आणि मला अभिमानाने सांगितलंत. दुसरा एजंट सत्तरीच्या, डोळे गेलेल्या माणसाला कुठून मिळणार? मिस्टर ओकादांनंतर तुम्ही कॅमेऱ्यासमोर उभे राहिला नाहीत. पण रविवारी सकाळी यायचात. वाचायला कागद नसायचे, तर मी वर्तमानपत्र वाचायचो, मेंढीच्या आवाजात अर्थसंकल्प. तुम्ही हसायचात. नीलिमा दर रविवारी मी निघताना विचारायची, "आज सांगणार?" मी म्हणायचो, आज त्यांचा मूड चांगला आहे, कशाला. किंवा, आज त्यांचा मूड खराब आहे, कशाला. एकदा ती म्हणाली, "तू सांग, नाहीतर मी सांगते." मी तिच्यापुढे हात जोडले. तेहतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा नाटक न करता हात जोडले, आणि ती गप्प बसली. त्याबद्दल ती अजून मला माफ करत नाही. स्वतःलाही नाही.

हॉस्पिटलमध्ये मी तुम्हाला शेवटचं भेटलो ती संध्याकाळची भेटायची वेळ होती. तुम्हाला न्यूमोनिया होता, नाकात ऑक्सिजनच्या नळ्या होत्या, आणि आवाज कागदासारखा झाला होता. मी पडदा सारला आणि तुम्ही म्हणालात, "गुड मॉर्निंग." दोन वर्षांनी म्हणालात. म्हणजे तुम्ही कामावर होतात.

मी सांगायचं ठरवून आलो होतो. खरंच. नीलिमा खाली गाडीत बसली होती, मी सांगितल्याशिवाय ती मला गाडीत घेणार नव्हती.

तुम्ही म्हणालात, "ओकादाचा शेवटचा सीन. तुला येतो?"

मला येत होता. दोन वर्षांपूर्वी आपण तो चाळीस वेळा तरी केला असेल. मी नात झालो. या वेळी आवाज काढला नाही, साधं बोललो. तुम्ही तुमची सगळी वाक्यं बोललात, एकही शब्द इकडेतिकडे न करता, मध्ये श्वासासाठी थांबत, आणि ते थांबणंही त्या म्हाताऱ्याचंच वाटत होतं. बीपीची ट्रॉली घेऊन आलेली नर्स पडद्याशी तशीच उभी राहिली. सीन संपला तेव्हा तिने विचारलं, "ही तुमची नात कुठे राहते?"

तुम्हाला याहून मोठी टाळी मिळाली नसेल. तुम्हाला ते कळलं, कारण तुम्ही हसलात. मग माझ्या उजव्या कानाकडे बघून म्हणालात, "आवाज नाही काढलास. चांगलं केलंस." तोंड उघडलं होतं मी, सान. पहिला शब्द ओठावर होता. आणि तुम्ही दमून डोळे मिटलेत. मी उठलो. तुमच्या हातावर हात ठेवला आणि म्हणालो, "रविवारी येतो."

खाली नीलिमाने माझ्या तोंडाकडे पाहिलं, तरीही दार उघडलं आणि गाडी सुरू केली. रविवार यायच्या आत मिकाचा फोन आला.

तर काल. मिकाने मला बोलायला उभं केलं. समोर साठेक माणसं होती, ॲक्टनच्या दुकानातली ती म्हातारी बाईसुद्धा. आणि शेवटच्या रांगेत, दाराजवळ, नारिंगी स्कार्फ घालून मार्गारेट बसली होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं. सत्तरी उलटून गेलेली बाई, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात, बाहेर काढतील की काय अशी बसली होती.

माझ्या मनात आलं, इथेच सांगावं. सगळ्यांसमोर. आणि त्याच क्षणी, सान, तुम्हाला खरं सांगतो, माझ्या डोक्यात ते जमायला लागलं. सुरुवात कुठून करायची, कुठे थांबायचं, मार्गारेटकडे कधी वळायचं, कोणत्या वाक्याला हॉल श्वास रोखेल. ते फार छान होणार होतं. लोक रडले असते. माझ्याकडे बघून. तुमचा मृत्यू, तुमची भाकरी, त्या बाईची अठरा वर्षं, या सगळ्यांवर उभं राहून मी आणखी एक किस्सा सांगितला असता.

मी साडेपाच वाजताच्या गुड मॉर्निंगची गोष्ट सांगितली, दोन मिनिटांत, आणि खाली बसलो. लोक हसले. मिकाही हसली.

मार्गारेटला मी बाहेर गाड्यांपाशी गाठलं. पाऊस भुरभुरत होता. मी सांगितलं. हॉल, चकल्या, माइक, ईशा, स्क्रू, "माणसं बदलतात." एकही वाक्य सजवलं नाही. सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत. दोन वर्षं पुरली नव्हती मला.

ती हातमोजे घालत होती. एक घालून झाला, दुसरा हातातच राहिला.

"हे तू मला का सांगतोयस?" तिने विचारलं.

"तुम्हाला कळायला हवं म्हणून."

"मी कोणाला सांगितलं नव्हतं हे मला कायमच माहीत होतं, शेखर. कळायला हवं होतं ते त्याला." मग तिने क्रिमेटोरियमच्या धुराड्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "आता हे मी कुठे ठेवू?"

तिने दुसरा हातमोजा घातला आणि अगदी सभ्यपणे म्हणाली, "आणि तुझी गाडी माझ्या गाडीच्या आडवी लागली आहे." मी पळत जाऊन गाडी काढली. ती इंडिकेटर देऊन नीट वळली आणि गेली.

आज सकाळी मिकाला फोन केला. तिलाही सांगितलं. ती म्हणाली, "डॅड म्हणायचे, शेखर एकटाच आहे ज्याला मी काहीही सांगू शकतो." मग म्हणाली दार वाजतंय, ठेवते. मला बेल ऐकू आली नाही.

रजिस्ट्रेशनवाल्यांनाही लिहिलंय. पत्र टेबलावर आहे, नीलिमाने वाचलं, एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि तिकीट लावून ठेवलं. ते काय करतील ते करोत. त्याने तुम्हाला ओकादा परत मिळणार नाही, आणि मार्गारेटला तुमचा एक फोन मिळणार नाही, आणि तुम्ही मला ज्या माणसाच्या नावाने ओळखत होतात तो माणूस कधी नव्हताच, हेही बदलणार नाही. मला तुमच्याकडून शिवी हवी होती, सान. तुम्ही चष्मा फेकून मारायला हवा होता. दार आपटून जायला हवं होतं. ते सगळं मी तुमच्याकडून काढून घेतलं आणि त्या जागी मेंढीचा आवाज दिला.

टेबलावर कालची ती छापील पुस्तिका आहे. मिकाने वर तुमचा फोटो टाकलाय, गेल्या उन्हाळ्यात आमच्या मागच्या अंगणात मी काढलेला. काल प्रत्येक जण ती हातात घेऊन म्हणत होता, काय नजर आहे, कुठेतरी दूर बघणारी, विचारात हरवलेली.

मी खुर्ची ओढून समोर बसलोय. फोटोतली नजर माझ्या उजव्या कानावरून पलीकडे जातेय. लोकांना ती दूर गेलेली वाटते. मला माहीत आहे तुम्ही कुठे बघताय. थेट माझ्या तोंडाकडे.

दुपारचे चार वाजलेत. मी उशिरा आलोय, तेत्सुओसान. सेटवर कोणी नाही, दिवे काढून नेलेत. तरीही, गुड मॉर्निंग.

तो मी होतो.